अडतीस दिवसांचं चलन: चेकोस्लोव्हाकियाचा पैसा कसा तुटला

युरोचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. एवढा त्रास होतो तर देश बाहेर का पडत नाहीत? आणि पडायचंच ठरवलं, तर नेमकं होतं काय? आज त्यासाठी आपण जाणार आहोत १९९३ च्या जानेवारीत, प्राग आणि ब्रातिस्लाव्हाला.

१ जानेवारी १९९३. चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश त्या दिवशी नकाशावरून गेला आणि त्याच्या जागी चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया असे दोन देश आले. रक्तपात नाही, युद्ध नाही. सार्वमतही नाही बरं का. जून १९९२ च्या निवडणुकीत चेक भागात व्हाच्लाव क्लाउस जिंकले आणि स्लोव्हाक भागात व्लादिमिर मेचियार. क्लाउसना खासगीकरण झपाट्यानं हवं होतं, सरकारी खर्चावर लगाम हवा होता. मेचियार म्हणत होते, जरा दमानं. त्यालाही कारण होतं. स्लोव्हाकियात अवजड उद्योग आणि शस्त्रास्त्रांचे कारखाने जास्त, त्यामुळे सुधारणांचे चटके तिथे जास्त बसत होते. तिथली बेरोजगारी दहा टक्क्यांच्या आसपास होती, चेक भागात तीन टक्क्यांच्याही आत. दोघांचं जमेना, आणि वेगळं व्हायचं ठरलं.

देश तर वाटून घेतला. पण पैसा?

दोन्हीकडे एकच चलन होतं, कोरुना. (हो, कोरुना. कोरोना नाही!) करार असा झाला की निदान पहिले सहा महिने हेच चलन दोघांनी वापरायचं. बँका दोन, पण व्याजदर वगैरे ठरवायला एक संयुक्त समिती. आणि गंमत म्हणजे चलन कधी तोडायचं, याच्या अटीही त्याच करारात लिहिलेल्या होत्या. परकीय गंगाजळी अमुक पातळीखाली गेली, सट्ट्याचा पैसा एका देशातून दुसऱ्यात अमुक प्रमाणात गेला, समितीत एकमत झालं नाही, तर करार संपवता येईल.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कधी कधी एका कंपनीच्या दोन होतात, पण डेटाबेस मात्र 'काही दिवस' एकच ठेवतात. त्या 'काही दिवसांत' प्रत्येक टीम गुपचूप आपल्या डेटाची कॉपी काढून ठेवते. कारण वायर कापली जाणार हे सगळ्यांना माहीत असतं.

इथे नेमकं तेच झालं. तुम्ही ब्रातिस्लाव्हातले दुकानदार आहात असं समजा. आज तुमचा कोरुना आणि प्रागचा कोरुना सारखाच आहे. पण उद्या चलन वेगळं झालं तर स्लोव्हाक कोरुना घसरणार, असं जो तो म्हणतोय. मग तुम्ही काय कराल? पैसे उचलून चेक बँकेत ठेवाल. ज्या स्लोव्हाक कंपन्यांना चेक पुरवठादारांचं देणं होतं, त्यांनी ते घाईघाईनं चुकतं केलं. चेक कंपन्यांनी मात्र स्लोव्हाकियाची बिलं लांबवली. १९९२ सरतानाच पैसा पश्चिमेकडे वाहायला लागला होता.

आता मुद्द्याचं. अशी गळती झेलायचा एक उपाय असतो. ज्या बाजूला पैसा येतोय, तिनं तो ज्या बाजूचा जातोय तिला परत उसना द्यायचा. मध्यवर्ती बँकेनं काही काळ तसं केलंही. पण किती दिवस करणार? स्लोव्हाकियाला मदत करत राहायची नाही, म्हणूनच तर कित्येक चेक नेत्यांना फाळणी सोयीची वाटली होती. जानेवारीतच प्रागमध्ये निर्णय झाला, २ फेब्रुवारीला जाहीर झाला, आणि ८ फेब्रुवारीला चलन वेगळं झालं. सहा महिन्यांचा करार अडतीस दिवसांत संपला.

नव्या नोटा छापायला वेळ कुठे होता? जुन्याच मोठ्या नोटांवर पोस्टाच्या तिकिटासारखी छोटी तिकिटं चिकटवली. चेक तिकीट असेल तर चेक पैसा, स्लोव्हाक असेल तर स्लोव्हाक. माणशी ४००० कोरुना रोख बदलून मिळणार, बाकीचे बँकेत भरायचे. युक्ती जुनीच. १९१९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पैशातून बाहेर पडताना अर्थमंत्री आलोइस राशिन यांनीही नोटांवर तिकिटंच चिकटवली होती. म्हणजे हे चलन जन्मलं तिकिटानं आणि तुटलंही तिकिटानं.

एक गोष्ट मात्र तुटली नाही. दोन्ही देशांनी मालावर आपापसात जकात लावली नाही. ती व्यवस्था २००४ मध्ये दोघे युरोपीय संघात जाईपर्यंत टिकली. बाजार एकत्र राहू शकतो. पैसा एकत्र ठेवायला एकमेकांचं नुकसान सोसावं लागतं.

आता २०१५ चा ग्रीस आठवा. जूनअखेरीस बँका बंद, एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो. ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी कर्जाच्या अटी नाकारल्या. जर्मन अर्थमंत्रालयानं तर ग्रीसनं पाच वर्षं युरोबाहेर राहावं असा पर्यायही मांडला. तरीही १३ जुलैला समझोता झाला आणि ग्रीस आत राहिला. अटी कडक होत्या, लोकांनी खूप सोसलं, हे खरंच. पण देणाऱ्या देशांनी शेवटी दरवाजा बंद केला नाही, आणि ग्रीक लोकांनाही आपली बचत ड्राख्मात बदलून घ्यायची नव्हती.

आपल्याला वाटतं, संघातून बाहेर पडतो तो कमकुवत देश. १९९३ मध्ये उलट झालं. तिथे दोर कापला तो बळकट बाजूनं. त्यामुळे एखादा चलनसंघ टिकेल का, असा प्रश्न पडला तर करार किती पानांचा आहे हे बघू नका. वाईट दिवसांत कोण कुणाला, किती काळ उसने देईल, ते बघा.

आणि जाता जाता एक गंमत. स्लोव्हाक कोरुनाचं जुलै १९९३ मध्ये दहा टक्के अवमूल्यन झालं, लोकांना वाटत होतं तसंच. पण १ जानेवारी २००९ ला स्लोव्हाकियानं युरो घेतला. चेक लोक आजही कोरुनाच वापरतात. एका संघात नकोसा झालेला देश दुसऱ्या, मोठ्या संघात जाऊन बसला, आणि ज्यानं दोर कापला तो अजून एकटाच आहे. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक? तुम्हाला काय वाटतं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!