घाटातली घोडी आणि व्हॅलेन्सियाचा ताप

आपल्या खेड-चाकणच्या घाटात गाड्यापुढं घोडी पळते. बैल सुस्त दिसला की लगेच डॉक्टर येतो. घोडीला ताप आला तर ‘थंडी बाधली’ म्हणून सोडून देतात. म्हणून हा इतिहास सांगतोय.

फेब्रुवारी २०२१. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात उड्यांच्या स्पर्धेसाठी शेकडो घोडे एकाच आवारात बांधलेले. आधी ताप आला. मग मागचे पाय लटपटले, लघवी ठिबकू लागली, काही घोडे बसले ते उठलेच नाहीत. रोग घोड्यांच्या हर्पिस विषाणूचा, ईएचव्ही-१. तो मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांना सूज आणतो. नाकाच्या स्रावातनं, एका बादलीतनं पसरतो. रोग कळायच्या आत काही घोडे गाडीत घालून परदेशी गेले, रोगही सोबत गेला. १८ घोडे दगावले. १ मार्चला युरोपातल्या १० देशांतल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा बंद झाल्या.

तेव्हा आपले घाट कोर्टाच्या बंदीमुळं ओस होते. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली. आता घोड्या गावोगाव फिरतात.

हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं या विषाणूनं होणाऱ्या गर्भपातावर लस काढली आहे. पण पाय जाण्यापासून वाचवायची खात्री कुठलीच लस देत नाही. म्हणून घाटाला निघायच्या आधी थर्मामीटर लावा. १०१.५ च्या वर ताप असेल तर घोडी घरीच ठेवा, डॉक्टरला बोलवा. बादली ज्याची त्यानं न्यावी. नवी घोडी आणली तर तीन आठवडे लांब बांधा.

एक बारी हुकली तर पुढच्या जत्रंला मिळंल. लपवलेला ताप मात्र शेजाऱ्याच्या दावणीला जातो.