पिकअपची चावी हरवली तर काय करायचं? डुप्लिकेट चावीने दार उघडतं, मग इंजिन का सुरू होत नाही?

कोल्हापूर जिल्ह्यात बऱ्याच घरांची चूल पिकअपवर पेटते. गुऱ्हाळावरून गुळाचे रवे शाहू मार्केट यार्डात न्यायचे, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून कास्टिंग उचलायचं, इचलकरंजीहून कापडाचे तागे आणायचे, भाजी भरून आंबा घाटाने रत्नागिरी गाठायची. ही सगळी कामं बोलेरो पिकअप, अशोक लेलँड दोस्त, टाटा इंट्रा आणि ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी टाटा एस अशा गाड्यांवर चालतात.

अशी गाडी एक दिवस उभी राहिली की भाडं बुडतं, हप्ता मात्र थांबत नाही. माल नाशवंत असेल तर तोही जातो. आणि गाडी उभी राहायला इंजिनच बिघडायला हवं असं काही नाही, चावी हरवली तरी पुरतं.

पूर्वी यावर उपाय सोपा होता. चौकातल्या चावीवाल्याला बोलवायचं, त्याने कानशीने घासून नवी चावी करायची आणि गाडी पुढे. आज अशी चावी दार उघडते, इग्निशनमध्ये फिरते, स्टार्टरही लागतो, पण इंजिन धरत नाही. असं का होतं आणि अशा वेळी काय करायचं, ते समजून घेऊ.

चावीच्या डोक्यात असतं काय?

आजच्या बऱ्याच गाड्यांच्या चावीला दोन भाग असतात. पहिला म्हणजे धातूचं पातं. त्यावरच्या खाचा लॉकमधल्या पत्त्यांशी जुळल्या की लॉक फिरतं. दुसरा भाग म्हणजे प्लॅस्टिकच्या मुठीत बसवलेली छोटी चिप. तिला ट्रान्सपाँडर म्हणतात. बाजारात अशा चावीला ‘चिपची चावी’ किंवा ‘सेन्सर चावी’ म्हणतात.

या चिपला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशनच्या लॉकभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी फिरवली की त्या वेटोळ्यातून रेडिओ लहरी निघतात आणि त्याच लहरींवर चिप क्षणभर जागी होते. गाडी तिला एक प्रश्न विचारते, चिप सांकेतिक उत्तर देते. उत्तर बरोबर असेल तरच इंजिनचा कंट्रोलर, म्हणजे ईसीयू, इंजिन चालू द्यायला परवानगी देतो. या यंत्रणेचं नाव इमोबिलायझर.

म्हणून नुसतं पातं घासून केलेली चावी लॉकला पटते, ईसीयूला पटत नाही. काही गाड्यांत स्टार्टर फिरतो पण इंजिन लागत नाही, काहींत ते लागून एक-दोन सेकंदांत बंद पडतं. धक्का मारूनही उपयोग होत नाही, कारण अडवणूक स्टार्टरची नसून इंजिनची असते.

ही भानगड आली कुठून?

अर्थातच गाडीचोरीतून. १९८६ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेटच्या चावीत एक रेझिस्टर बसवला. त्याची किंमत जुळली तरच गाडी सुरू व्हायची. पण त्यात फक्त १५ वेगवेगळ्या किमती होत्या, त्यामुळे चोरांना त्या पालथ्या घालता यायच्या. मग चिप आली. १९९८ पासून युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला.

चिप नसली तर काय होतं, तेही जगाने पाहिलं. अमेरिकेत किया आणि ह्युंदाईच्या बऱ्याच मॉडेलमध्ये इमोबिलायझर नव्हता. २०२२ मध्ये त्या गाड्या चोरण्याचे व्हिडिओ टिकटॉकवर पसरले आणि त्या गाड्यांच्या चोऱ्यांची लाटच आली. म्हणजे चावी हरवल्यावर जी चिप डोकेदुखी वाटते, तीच रोज रात्री रस्त्याकडेला लावलेल्या गाडीची राखण करत असते.

आपल्या गाडीच्या चावीत चिप आहे का?

एकाच मॉडेलच्या जुन्या आणि नव्या गाड्यांमध्येही फरक असतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका. ओळखायच्या तीन खुणा आहेत.

१. इग्निशन ऑन केल्यावर डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलूप असलेल्या गाडीचं चिन्ह थोडा वेळ लागून विझत असेल, तर इमोबिलायझर आहे.

२. चावीची मूठ स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून गाडी सुरू करून पाहा. सुरू झाली नाही आणि फॉइल काढल्यावर झाली, तर चिप आहे.

३. गाडीच्या माहितीपुस्तिकेत इमोबिलायझरचा उल्लेख असतो.

चावीवर लॉक-अनलॉकची बटणं असली तर तो रिमोट ही वेगळी गोष्ट. रिमोटला सेल लागतो, चिपला लागत नाही. म्हणून सेल संपला तरी पात्याने दार उघडून गाडी सुरू करता येते. टोयोटा हायलक्ससारख्या महागड्या पिकअपमध्ये बटण दाबून सुरू होणारी स्मार्ट चावी मिळते. तिचा सेल संपला तर बहुतेक गाड्यांत चावी स्टार्ट बटणाला टेकवून इंजिन सुरू करता येतं.

चावी हरवल्यावर पहिल्या तासात काय करायचं?

आधी दुसरी चावी कुठे आहे ते आठवा. गाडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाला फोन करा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीकडे विचारा, कारण काही कंपन्या कर्ज देताना एक चावी स्वतःकडे ठेवून घेतात.

चावी केबिनमध्येच राहून दार लॉक झालं असेल तर नवी चावी करायची गरज नाही. फक्त दार उघडून देणारा कारागीर पुरतो. काच फोडू नका आणि तारेने लॉक उचकटू नका. लॉक मोडलं तर खर्च वाढतो.

गाडी टोचन करून न्यायची असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. चावी काढल्यावर स्टीअरिंग लॉक झालेलं असेल तर पुढची चाकं वळत नाहीत. अशी गाडी दोर बांधून ओढणं धोक्याचं आहे. ती उचलून नेणारी गाडीच बोलवा. त्यापेक्षा प्रोग्रॅमिंगचं मशीन घेऊन कारागीर जागेवर येत असेल तर उत्तम.

माल नाशवंत असेल तर चावीची वाट बघत बसू नका. दुसरी गाडी बोलवून माल पुढे पाठवा आणि मग चावीच्या मागे लागा.

एक चावी हातात आहे की सगळ्याच गेल्या?

खर्च आणि वेळ ठरतो तो या प्रश्नावर.

एक चालू चावी हातात असेल तर काम सोपं असतं. तिच्यावरून नवं पातं कापलं जातं. मग स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला स्कॅनर जोडून नव्या चिपची ओळख गाडीला करून दिली जाते. यालाच चावी प्रोग्रॅम करणं म्हणतात.

सगळ्या चाव्या गेल्या असतील तर दोन अडचणी येतात. पहिली अडचण पात्याची, कारण नक्कल करायला नमुनाच नसतो. नवी गाडी घेताना चाव्यांबरोबर बऱ्याचदा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा बिल्ला मिळतो आणि त्यावर चावीचा नंबर असतो. त्या नंबरावरून पातं कापता येतं. नंबर नसेल तर कारागिराला लॉक वाचून खाचा काढाव्या लागतात. दुसरी अडचण चिपची. नवी चिप नोंदवायला अनेक गाड्यांना सुरक्षा पिन लागतो आणि तो कंपनीकडून चॅसिस नंबरावरून मागवावा लागतो. काही मॉडेलमध्ये इमोबिलायझर, ईसीयू आणि लॉकसेट असे भाग एकत्र बदलण्यापर्यंत वेळ येते.

अजून एक मुद्दा. झिजलेल्या चावीवरून केलेल्या डुप्लिकेटमध्ये ती झीजही उतरते. चावी अडकत असेल तर नंबरावरून किंवा कमी वापरलेल्या चावीवरून नवी करून घ्या.

शोरूमला जायचं की चावीवाल्याकडे?

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मूळ चावी मिळते, पिन अधिकृत मार्गाने येतो आणि बिल मिळतं. पण चावी मागवावी लागली तर वाट पाहावी लागते. प्रोग्रॅमिंग करणारा स्वतंत्र कारागीर बहुधा लवकर काम करतो आणि गाडीपर्यंत येतो. मात्र प्रत्येक मॉडेल प्रत्येक मशीनवर होत नाही.

अमेरिकेत एनएएसटीएफ नावाची संस्था कुलूप कारागिरांची पडताळणी करून नोंदणी करते आणि नोंदणी झालेल्यांनाच कंपन्यांकडून चावीचे कोड मिळतात. आपल्याकडे कारागीर पारखायचं काम गाडीमालकालाच करावं लागतं. त्यासाठी हे पाहा.

• तो आरसी आणि ओळखपत्र मागतो का? कागद न बघता चावी करून देणारा उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्यालाही करून देईल.

• गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंधन सांगून आधीच विचारा की हे काम याआधी केलं आहे का.

• पातं, चिप, प्रोग्रॅमिंग आणि येण्या-जाण्याचे पैसे वेगवेगळे विचारा. फक्त ‘चावीचे इतके’ असं ठरवलं तर नंतर वाद होतात.

• काम सुरू करण्याआधी गाडीची बॅटरी तपासायला सांगा. प्रोग्रॅमिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू बिघडू शकतो.

• पैसे देण्याआधी दार, इग्निशन आणि डिझेल टाकीचं झाकण उघडून पाहा. इंजिन बंद करून दोन-तीन वेळा पुन्हा सुरू करा.

आरसी डॅशबोर्डच्या कप्प्यात आणि गाडी बंद, असं बऱ्याचदा होतं. त्यासाठी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये आरसी ठेवा. निपाणी, बेळगाव किंवा गोव्यात भाडं घेऊन गेल्यावर चावी हरवली तर मोबाईलमधला हाच कागद कामाला येतो.

हरवलेली चावी कुणाला सापडली तर?

नवी चावी मिळाली की बरेच जण निवांत होतात. पण जुनी चावी गाडीच्या मेमरीत तशीच असते. ज्याला सापडेल त्याला गाडी सुरू करता येते.

म्हणून प्रोग्रॅमिंग करतानाच कारागिराला सांगा की हरवलेली चावी मेमरीतून काढून टाका. बऱ्याच गाड्यांमध्ये किती चाव्या नोंदल्या आहेत ते स्कॅनरवर दिसतं. तो आकडा स्वतः बघा. त्यासाठी तुमच्याकडच्या सगळ्या चाव्या सोबत न्या, कारण पुसून पुन्हा नोंदणी करताना समोर नसलेली चावी बाद होते.

हे केलं तरी जुनं पातं दार उघडतंच. चावीबरोबर पत्ता किंवा आरसी असलेलं पाकीटही गेलं असेल, किंवा चावी कुणी मुद्दाम नेल्याचा संशय असेल, तर लॉकसेट बदललेला बरा.

पोलिसात नोंद कशाला?

कारण विमा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या सहसा गाडीच्या सगळ्या मूळ चाव्या मागतात. एक चावी कमी असेल तर ती कुठे गेली हा प्रश्न येतो आणि दावा रखडू शकतो. चावी हरवली तेव्हाच जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन पोर्टलवर गहाळ झाल्याची नोंद केली असेल, तर उत्तर कागदावर तयार असतं. चावी चोरीला गेली असेल तर मात्र गहाळ नोंद करू नका, चोरीची तक्रार द्या.

नव्या चावीचा खर्च विम्यातून मिळेल का? फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर नाही. चावी बदलण्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि मालवाहू गाडीला ते मिळतं का, हे पॉलिसी घेतानाच विचारावं लागतं.

शोरूम किंवा कारागिराशी बिलावरून वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

नव्या गाडीचा फोटो टाकताना थांबा

नवी गाडी घेतली की चावी हातात धरून फोटो, आणि तो लगेच स्टेटसला. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की चावीच्या फोटोवरून तिच्या खाचा मोजता येतात आणि तशीच चावी कापता येते. चिपमुळे इंजिन सुरू होणार नाही, पण दार उघडेल. फोटोत पातं आणि चावी नंबरचा बिल्ला दिसू देऊ नका.

चावी हरवण्याआधी करून ठेवायची पाच कामं

१. दुसरी चावी घरी ठेवा, गाडीत नाही. दोन्ही चाव्या एकाच रिंगमध्ये अडकवू नका.

२. दुसरी चावी महिन्यातून एकदा लावून गाडी सुरू करून बघा.

३. चावी नंबरचा बिल्ला जपून ठेवा आणि नंबर वेगळ्या जागी लिहून ठेवा.

४. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागा. एकच मिळाली तर दुसरीचा खर्च किमतीतून कमी करून घ्या आणि जुन्या चाव्यांची नोंद पुसून घ्या.

५. एकच चावी उरली असेल तर दुसरी याच आठवड्यात करून घ्या. चालू चावी हातात असताना जे काम थोडक्यात होतं, तेच ती हरवल्यावर पिन, टोचन आणि बुडालेल्या भाड्यासकट महागात पडतं.