रुमालाखालचा भाव

२०२३ च्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून अमरावतीला आला, तो चार दिवसांचे कपडे घेऊन नव्हे; बिऱ्हाडच घेऊन आला. दोन पेट्या, एक गुंडाळलेली गादी आणि कुंडीतली तुळस. सूनबाई आणि लेकरू आधीच माहेरी गेलेले. आठ वर्षे तो सॉफ्टवेअर विकण्याच्या नोकरीत होता. एके दिवशी सकाळी त्याला पडद्यावरच्या बैठकीला बोलावले, दहा मिनिटांत निरोप दिला, आणि दुपारी त्याचा संगणक त्याला ओळखेनासा झाला. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्या वर्षी अशा कंपन्या पुष्कळ होत्या.

फराळाचे ताट पुढे होते, पण चकलीला हात लागत नव्हता. शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवला. आमच्यासारखं आधी कुणाचं झालं होतं का हो? की आम्हीच पहिले?"

प्रश्नात थोडा टोमणा होता, हे मला कळले. इतिहासाच्या मास्तरांना असे टोमणे खावे लागतात. पण त्या रात्री मी त्याला जे सांगितले, आणि जे सांगायचे राहून गेले, ते येथे लिहीत आहे.

प्रथम त्याचा धंदा समजून घेऊ. आपल्यापैकी अनेकांच्या घरातली मुले तो करतात आणि आईबापांना तो नीट सांगता येत नाही. सॉफ्टवेअर ही वस्तू तागडीत घालता येत नाही की नखाने टोकरून पाहता येत नाही. ती विकणारा माणूस वचन विकतो: तुमचा हिशेब चुकणार नाही, तुमचा माल हरवणार नाही. पगार थोडा निश्चित, बाकीचा विक्रीवर; दर तीन महिन्यांनी ठरलेला आकडा गाठायचा. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीत शाळा, दुकाने, दवाखाने सारेच संगणकावर गेले, जगात पैसा स्वस्त होता, आणि कंपन्यांनी विक्रेते भराभर घेतले. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजाचे दर चढवायला सुरुवात केली. पैसा महाग झाला, गिऱ्हाइकाने हात आखडला. गिऱ्हाइकाने हात आखडला की पहिला गार पडतो तो विकणारा.

अमेरिकेत काहीतरी व्हावे आणि अमरावतीतल्या घरात चूल मंद व्हावी, हे पुतण्याला नवल वाटत होते. वऱ्हाडाला त्याचे नवल नाही.

१८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध पेटले. दक्षिणेची बंदरे कोंडली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि साऱ्या इंग्लंडची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. कुणब्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी त्या काळची आठवण सांगतात. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, या म्हणीला त्या चार वर्षांत पुरेपूर अर्थ आला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. मुंबईत १ जुलै १८६५ ही वायद्याचे सौदे मिटवण्याची तारीख होती. त्या दिवशी पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांचे नाव शाळेच्या पुस्तकात येते, कारण त्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. परंतु अकोला-अमरावतीच्या पेठांत त्यांच्यासारख्यांच्या भावावर पोट भरणारे जे दलाल, मापारी, हमाल होते, त्यांच्या नावाचा टॉवर कुठेच नाही.

पण मंदी ही निदान उलटते. त्याहून कठीण गोष्ट दुसरी: धंदाच नाहीसा होणे. पुतण्याला खरी भीती तिची होती. "मंदी गेली तरी यंत्रच बोलून माल विकायला लागलं तर?" असे तो दोनदा म्हणाला.

तेव्हा मी त्याला लमाणांची गोष्ट सांगितली. आगगाडी येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस पाचशेहून अधिक मैल चालत, बैलांच्या पाठीवरून, गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून कलकत्त्याला. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलओझी कापूस असा रवाना केल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. एक लाख बैल! त्यांच्या मागून चालणारी माणसे, तांडे, बायका, पोरे, कुत्री यांची कल्पना करा. वाटेतली पाण्याची ठिकाणे आणि गवताची राने ठाऊक असलेली ही बंजारा मंडळी म्हणजे त्या काळची रेल्वेच होती. मग खरी रेल्वे आली. १८६७ मध्ये जी. आय. पी. चा लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये लॉर्ड मेयोने खामगावचा फाटा खुला केला. ज्या वाटेला बैलांना महिने लागत, तिथे गाडीला दिवस लागू लागले. तांड्यांचा धंदा एका पिढीत संपला. वर १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा फास त्यांच्यातल्या अनेकांभोवती पुढे आवळला गेला. काम काढून घ्यायचे आणि बेकार भटकणाऱ्याला चोर ठरवायचे, असा तो न्याय होता.

त्यांनी काय केले? तांडे स्थिर झाले. कोणी डोंगरउतारावर जमीन फोडली, कोणी मजुरीला गेले. हाल झाले; ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पुसदजवळच्या गहुली या तांड्यात १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, ही गोष्टही त्याच इतिहासातली. मात्र आगगाडी आणि गहुलीचे मुख्यमंत्री यांच्यामध्ये जवळजवळ शंभर वर्षे आहेत. पुतण्या म्हणाला, "काका, माझ्या घराचा हप्ता पाच तारखेला असतो." यावर इतिहासाकडे उत्तर नव्हते.

म्हणून मी घरातली गोष्ट काढली.

माझे आजोबा अकोल्याच्या कापूस बाजारात दलाल होते. त्यांचा एक जाड पांढरा रुमाल आमच्या ट्रंकेत आहे. जुना सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि विकणाऱ्याचा दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबत. कोणते बोट, किती बोटे, यावर भाव ठरे. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच कापसाचा भाव कळत नसे. या लबाडीला आवर घालण्याचे काम देशात पहिल्यांदा वऱ्हाडानेच केले, हे आपल्या मुलांना शिकवले पाहिजे. १८८६ मध्ये कारंजाचा कापूस बाजार नियमाखाली आला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदाच झाला. त्यामागे शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा विलायती गिरण्यांना निर्भेळ कापूस मिळावा ही इच्छा अधिक होती, असे माझे मत आहे. पण त्याने परवानाधारक दलाल व मापारी आणि बाजार समिती यांची चौकट उभी राहिली. १९२८ च्या शाही शेती आयोगाने या वऱ्हाडी पद्धतीचा दाखला देऊन इतर प्रांतांना तसेच करण्याची शिफारस केली. पुढे उघड लिलाव आले आणि रुमाल ट्रंकेत गेला.

दलाली मात्र राहिली, ती वडिलांकडे आली. १९२९ नंतरच्या मंदीत आजोबांनी आजीच्या पाटल्या मोडल्या होत्या. वडिलांच्या वाट्याला दुसरे आले. १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस घ्यायचा तो सरकारच्या योजनेनेच, खाजगी व्यापाऱ्याने नव्हे. शेतकऱ्याला हमी मिळाली आणि त्या वेळी गावोगाव आनंद झाला, तो योग्यच होता. पण आमचे वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी रिकामे झाले. मी तेव्हा चौदा वर्षांचा. सकाळी सातला सवयीने टोपी घालून ते दाराशी येत आणि ओट्यावर बसून राहत. ते दृश्य मी विसरलो नाही. त्या दिवाळीत आमच्याकडे फक्त शंकरपाळे झाले.

ते कायद्याला शिव्या देत नसत. "आमच्यातल्या बऱ्याच जनांनं मापात हात मारला होता रे," एवढेच म्हणत. उन्हाळ्यात एका बियाण्यांच्या दुकानदाराने त्यांना फिरतीवर घेतले. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हे जगातले पहिले व्यापारी संकरित कापसाचे वाण बाहेर पडले होते. बियाणे महाग, आणि दरवर्षी नवे विकत घ्यावे लागणारे. घरचे बी पेरणाऱ्या कुणब्याला ही गोष्ट गळी उतरवायची म्हणजे आजच्या सॉफ्टवेअरहून काय वेगळे होते? पहिल्या हंगामात वडिलांनी अकरा पिशव्या विकल्या. त्यांतल्या चार आमच्याच नातलगांच्या.

पण त्यांच्याजवळ एक पुंजी होती. बाळापूरपासून मूर्तिजापूरपर्यंत कोणाचे वावर कसे, कोणाचे कर्ज किती, कोणाची मुलगी कुठे दिली, हे त्यांना तोंडपाठ होते. दलालीत मिळवलेली ही माहिती कोणत्याही कायद्याने काढून घेतली नव्हती. ते गावात गेले की पिशवी सायकललाच ठेवत. मला एकदा सोबत नेले होते, तेव्हा म्हणाले, "पयले त्याच्या घरचा च्या पे, मंग पिशवीचं तोंड सोड." आणि ज्याच्या वावरात पाणी नाही, त्याला ते स्वतःच सांगत, "तू घेऊ नको, बापू, तुले झेपनार नाई." दुकानदार यावर चिडे. तिसऱ्या वर्षी त्याच माणसांनी दुसऱ्यांना वडिलांकडे पाठवले आणि दुकानदाराचे चिडणे थांबले. पुढे २००२ मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना कापूस खरेदी पुन्हा मोकळी झाली. वडील तोपर्यंत नव्हते.

पुतण्याने हे सारे ऐकले आणि विचारले, "पण घर कसं चाललं हो, त्या तीन वर्षांत?" प्रश्न नेमका होता. आईने पापड लाटले. मोठ्या भावाने, म्हणजे याच्या वडिलांनी, कॉलेज सोडून जिनिंगमध्ये हिशेबनीसाची नोकरी धरली. ते त्याला ठाऊक नव्हते. तो बराच वेळ गप्प बसला.

लक्ष्मीपूजनानंतर आठवड्याने तो बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेला. वडिलांच्या ओळखीचे एक जिनवाले अजून होते. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यापासून त्यांचा मुनीम संगणकाशी झुंजत होता. पुतण्याने दोन दिवस काही विकले नाही. मुनिमाशेजारी बसून वजनपावत्या, हमाली, रुईचे आणि सरकीचे खाते यांचा नुसता गुंता पाहिला. तिसऱ्या दिवशी त्याने पुण्याच्या एका जुन्या सोबत्याला फोन करून त्या गुंत्यापुरते साधे सॉफ्टवेअर बनवायला सांगितले. पैसे पगाराच्या पाव हिश्शाइतकेही नव्हते. नोकरीचे अर्ज तो अजून करतोच. दोन ठिकाणी पाच-पाच मुलाखती होऊन नकार आला. सूनबाईने जानेवारीत अमरावतीच्या एका शाळेत काम धरले. पुण्याचे घर भाड्याने दिले, त्यातून हप्त्याचा मोठा भाग निघतो.

जिनवाल्यांशी रक्कम ठरायची होती, त्याच्या आदल्या रात्री त्याने ट्रंकेतला रुमाल मागितला. मी त्याला आजोबांची बोटे शिकवली; जेवढी आठवत होती तेवढी. दुसऱ्या दिवशी त्याने तो रुमाल म्हाताऱ्या शेठजींच्या हातावर टाकला. ते इतके हसले म्हणे, की खोकल्याने पाणी मागवावे लागले. मग दोघांनी रुमालाखाली बोटे दाबली. भाव किती ठरला, हे त्याने मला अजून सांगितलेले नाही.