तळटीप : वळणावर पेडल टेकणे

* ‘आतले पेडल वर’ : वळण डावीकडे असेल तर डावे पेडल वर आणि उजवे खाली ठेवून पाय थांबवावेत, असा या सूचनेचा अर्थ. वळताना सायकल आत कलते. आतले पेडल तेव्हा खाली असेल तर ते रस्त्यावर आपटते, मागचे चाक उचलले जाऊन घसरते आणि स्वार पडू शकतो.

किती कलले की पेडल टेकेल, हे क्रँकचा आस जमिनीपासून किती उंच आहे, क्रँकची लांबी किती आणि पेडल बाहेर किती येते यांवर ठरते. समजा, आस २७० मिमी उंचीवर, क्रँक १७० मिमी, पेडलची निम्मी जाडी १० मिमी. पेडलखाली ९० मिमी जागा उरते. पेडलची बाहेरची कड मध्यापासून १५० मिमीवर असेल तर साधारण ३१ अंशांना ती टेकते. क्रँक १६५ मिमीची घेतली तर ३२ अंशांच्या थोडे पुढे. म्हणजे फायदा सुमारे १.४ अंशांचा. पेडल वर घेण्याच्या सवयीपुढे तो किरकोळ.

ट्रॅकच्या सायकलला मात्र फ्रीव्हील नसते. चाक फिरते तोवर पेडल फिरणारच, त्यामुळे ही सूचना तिथे पाळता येत नाही. म्हणून तिचा आस सहसा अधिक उंच ठेवतात आणि १६५ मिमीची क्रँक पूर्वापार रूढ आहे. वेलोड्रोमच्या, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकच्या, वळणांवरील तीव्र उतारावर (वळणे तिथे नेहमी डावीकडे असतात) वेग फार कमी झाला तर उलट चढाकडचे, म्हणजे उजवे पेडल टेकते.