लघुप्रमाण विमान-प्रतिकृतींच्या मर्यादित आवृत्त्या आणि ओझरच्या मिग-२१ विमानाचा इतिहास : एक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, सनदा आणि शासकीय दप्तरे डोळ्यांसमोर येतात. औद्योगिक युगाच्या इतिहासाला मात्र ही साधने पुरेशी पडत नाहीत. कारखान्यात घडलेली वस्तू, तिचे आराखडे, तिची छायाचित्रे आणि तिच्या प्रतिकृती यांनाही साधनांचे मोल प्राप्त होते. प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून जोडावयाचे विमानांचे लघुप्रमाण संच, ज्यांना सर्वसाधारणपणे किट असे म्हटले जाते, हे अशाच प्रकारचे दुर्लक्षित साधन होय.

दि. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय वायुसेनेने मिग-२१ या लढाऊ विमानाला ६२ वर्षांच्या सेवेनंतर निरोप दिला. यांपैकी बहुसंख्य विमाने नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे तयार झाली. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील हे एक महत्त्वाचे प्रकरण आहे. असे असूनही या विमानाची अचूक लघुप्रतिकृती हवी असल्यास ती परदेशी कंपनीच्या खोक्यातूनच घ्यावी लागते. असे का झाले, या प्रश्नाचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) लघुप्रमाण विमान-प्रतिकृतींच्या उदयाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२) 'मर्यादित आवृत्ती' या संकल्पनेमागील तांत्रिक व आर्थिक कारणे स्पष्ट करणे.
३) मिग-२१ ची निर्मिती करणाऱ्या देशांची प्रतिकृती उद्योगाच्या दृष्टीने तुलना करणे.
४) भारतातील या उद्योगाच्या अभावाची कारणमीमांसा करणे.

लघुप्रतिकृतींचा उदय :

विमानाच्या लघुप्रतिकृतीसाठी जगभर १:७२ हे प्रमाण रूढ आहे. एका इंचात सहा फूट, म्हणजे साधारण एका उंच माणसाची उंची, असा त्याचा सरळ हिशेब आहे. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात 'स्कायबर्ड्स' या लाकडी संचांनी हे प्रमाण लोकप्रिय केले. १९३६ मध्ये 'फ्रॉग' कंपनीने 'पेंग्विन' या नावाने प्लास्टिकचे संच बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धात या छंदाला लष्करी महत्त्व प्राप्त झाले. विमान दिसताच ते आपले की शत्रूचे हे सैनिकांना ओळखता यावे, यासाठी प्रतिकृतींचा उपयोग होऊ लागला. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ मध्ये शाळांतील विद्यार्थ्यांकडून पाच लाख प्रतिकृती तयार करून घेण्याची योजना आखली होती.

युद्धोत्तर काळात या क्षेत्रात 'एअरफिक्स' या ब्रिटिश कंपनीचे नाव सर्वतोमुखी झाले. निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासिताने १९३९ मध्ये तिची स्थापना केली होती. १९५३ मध्ये तिचा 'स्पिटफायर' विमानाचा संच निघाला आणि अल्प किमतीत विमान जोडण्याचा छंद सामान्य घरांत पोहोचला. पुढे १९८१ मध्ये ही कंपनी आर्थिक संकटात सापडली. अनेक हस्तांतरांनंतर २००६ मध्ये ती 'हॉर्नबी' कंपनीकडे आली.

'मर्यादित आवृत्ती' : तांत्रिक व आर्थिक बाजू :

प्लास्टिक संचाचा खरा खर्च प्लास्टिकात नसून साच्यात असतो. पोलादी साचा कोरण्यास मोठे भांडवल लागते, मात्र त्यातून प्रचंड संख्येने नग निघतात. म्हणून मोठ्या कंपन्या ज्या विमानाला जगभर गिऱ्हाईक आहे तेच विमान निवडतात. स्पिटफायर, मस्टँग, मेसरश्मिट ही नावे सर्वच कंपन्यांच्या सूचीत पुन:पुन्हा दिसतात, ती याच कारणाने.

ज्या विमानांचा ग्राहक थोडा आहे त्यांच्यासाठी दुसरा मार्ग निर्माण झाला. कमी टिकाऊ पण स्वस्त साचा करून त्यातून मोजकेच नग काढले जातात. काही वेळा दुसऱ्या कंपनीच्या प्लास्टिक भागांना रेझिनचे ओतीव भाग, पितळेच्या पातळ पत्र्यावर रासायनिक क्रियेने कोरलेले बारीक भाग, नवी चिन्हपत्रे व माहितीपुस्तिका यांची जोड देऊन मर्यादित आवृत्ती काढली जाते. वरकरणी हे विक्रीचे तंत्र वाटते. तथापि ज्यांचा इतिहास मोठ्या बाजारपेठेला आकर्षित करीत नाही, अशा वायुसेनांना प्रतिकृतींच्या जगात स्थान मिळाले ते प्रामुख्याने याच मार्गाने.

भारताच्या 'नॅट' विमानाचे उदाहरण येथे बोलके आहे. १९६५ च्या युद्धात या चिमुकल्या विमानाने मोठा लौकिक मिळविला. ३ सप्टेंबर १९६५ रोजी २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे ट्रेव्हर कीलर यांच्या नावे पहिला हवाई विजय नोंदविला गेला. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी याच विमानातून लढताना वीरमरण पत्करले व त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. एअरफिक्सने नॅटचा संच काढला, परंतु तो ब्रिटिश वायुसेनेच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचा होता. भारताचे नॅट एक आसनी होते. त्याच्या पंखांचा विस्तार ६.७३ मीटर, तर प्रशिक्षण विमानाचा ७.३२ मीटर. १:७२ प्रमाणात हा फरक सुमारे ८ मिलिमीटर आणि लांबीतील फरक सुमारे १३ मिलिमीटर भरतो. म्हणजेच ब्रिटिश संचावर केवळ तिरंगी चिन्हे चिकटवून भारताचे नॅट तयार होत नाही. नॅटवरून हिंदुस्तान एरोनॉटिक्सने विकसित केलेल्या 'अजित' विमानाचा संच पुढे काढला तो 'स्पेशल हॉबी' या चेक कंपनीने. जे काम मोठ्या कंपनीच्या हिशेबात बसले नाही, ते लहान कंपनीने केले.

ओझरचा कारखाना आणि मिग-२१ :

मिग-२१ च्या निर्मितीसाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९६२ मध्ये करार झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले. १९६३ मध्ये ते नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. विमानाचा सांगाडा ओझर येथे, इंजिन ओरिसातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे, अशी कामाची विभागणी झाली. ओझरच्या वसाहतीला 'ओझर मिग' हे नाव पडले ते या विमानामुळेच.

येथे एक लक्षणीय बाब नोंदविणे आवश्यक आहे. ओझरमधील निर्मितीचा आरंभही संचांच्या जुळणीनेच झाला. प्रथम सोव्हिएत संघातून आलेले सुटे भाग जोडण्यात आले. त्यानंतर उपजुळण्या, पुढे स्वतंत्र भाग आणि सरतेशेवटी कच्च्या मालापासून विमान, अशा टप्प्यांनी तंत्रज्ञान आत्मसात केले गेले. एफएल, एम व बिस असे तीन प्रकार मिळून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सुमारे साडेसहाशे मिग-२१ विमाने भारतात तयार झाली.

यांपैकी एफएल हा प्रकार, ज्याला वायुसेनेत 'टाइप ७७' म्हणत, प्रतिकृतीकारांच्या दृष्टीने विशेष आहे. त्याचे छत पुढच्या बाजूने उघडणारे एकसंध आहे, तर मिग-२१ च्या नंतरच्या प्रकारांत ते बाजूने उघडते. त्याला अंगभूत तोफ नव्हती. १९६५ च्या युद्धाचा अनुभव लक्षात घेऊन भारताने त्याच्या पोटाखाली तोफेची स्वतंत्र पेटी बसविली. १९७१ च्या युद्धात तिचा उपयोग झाला. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील गव्हर्नमेंट हाऊसवर अग्निबाणांचा मारा करणारी विमाने मिग-२१ हीच होती. छताची बिजागरी व तोफेची पेटी या बाबी किरकोळ भासतील, परंतु त्या भारताच्या युद्धानुभवाच्या व निर्मितीच्या खुणा आहेत. प्रतिकृतीत त्या चुकल्या तर चुकते ते केवळ खेळणे नव्हे, त्यातून सांगितला जाणारा इतिहासही चुकतो.

तीन देशांची तुलना :

सोव्हिएत संघाबाहेर मिग-२१ ची निर्मिती चेकोस्लोव्हाकिया, चीन आणि भारत या तीन देशांत झाली. चेकोस्लोव्हाकियात १९६२ ते १९७२ या काळात १९४ विमाने तयार झाली, म्हणजे भारताच्या एक तृतीयांशाहूनही कमी. तथापि त्या देशात 'स्वाझार्म' या लष्कर-सहकार्य संघटनेने विमानप्रतिकृतींच्या छंदाला आश्रय दिला. नियतकालिकांतून विमानांचे तिन्ही बाजूंचे आराखडे प्रसिद्ध होत. प्रोस्त्येयोव्ह येथील 'केपी' कारखान्याने साम्यवादी राजवटीतच मिग विमानांचे संच काढले. या पायावर १९८९ मध्ये 'एडुआर्ड' ही कंपनी उभी राहिली. २०११ पासून १:४८ प्रमाणात तिने काढलेली मिग-२१ ची मालिका जगभरातील प्रतिकृतीकारांत नावाजली गेली. चीनमध्येही मिग-२१ वर आधारित विमानांची निर्मिती प्रदीर्घ काळ चालली आणि पुढे 'ट्रम्पेटर'सारखी जागतिक कंपनी उदयास आली.

तीन देशांपैकी भारत हा एकच देश असा राहिला, की ज्याने विमान घडविले. पण जागतिक बाजारात नाव मिळवणारा त्याच्या प्लास्टिक प्रतिकृतींचा उद्योग उभारला नाही.

अभावाची कारणमीमांसा :

कौशल्याचा अभाव हे याचे कारण मानता येत नाही. २०१० नंतरच्या दशकात एअरफिक्सच्या अनेक खोक्यांवर 'भारतात निर्मित' असा शिक्का होता. ब्रिटिश विमानांचे प्लास्टिक भाग भारतीय यंत्रांवर ओतले जात होते. मग कारणे अन्यत्र शोधावी लागतात.

पहिले कारण म्हणजे गोपनीयतेची परंपरा. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याची 'निषिद्ध स्थळ' ही संकल्पना आणि विमानतळांवरील छायाचित्रणाचे निर्बंध यांमुळे वायुसेनेच्या विमानांची छायाचित्रे व आराखडे सामान्य अभ्यासकाच्या हाती फारसे आले नाहीत. चेकोस्लोव्हाकियात जे नियतकालिकांत छापले जात होते, ते भारतात दप्तरबंद राहिले. पुढे पी. व्ही. एस. जगन मोहन व समीर चोप्रा यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही उणीव अंशत: भरून काढली. त्यांचा १९६५ च्या हवाई युद्धावरील ग्रंथ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरे कारण शैक्षणिक आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात विमानप्रतिकृतींचे प्रशिक्षण दिले जाते. परंतु त्याचा भर उडणाऱ्या हलक्या लाकडी प्रतिकृतींवर, म्हणजे उड्डाणशास्त्रावर राहिला. विशिष्ट विमानाचा इतिहास प्रतिकृतीतून जपण्याची दृष्टी त्यातून रुजली नाही.

तिसरे कारण बाजारपेठेचे व करधोरणाचे आहे. २००१ पर्यंत ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध होते. त्यामुळे परदेशी संच दुर्मीळ व महाग राहिले आणि छंदाचा विस्तार झाला नाही. आयात शुल्काच्या वर्गीकरणात लघुप्रमाण प्रतिकृती खेळण्यांच्याच शीर्षकाखाली मोडतात. खेळण्यांवरील शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण देणे हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. परंतु ज्या वस्तूला देशी पर्यायच नाही तिच्याबाबतीत परिणाम उलटा होतो. ओझरला घडलेल्या विमानाची प्रतिकृती परदेशी खेळणे म्हणून, जबर शुल्क भरून, आपल्या घरी येते.

निष्कर्ष :

१) मर्यादित आवृत्ती ही केवळ विक्रीची युक्ती नसून बाजारपेठेने उपेक्षिलेल्या इतिहासाचे ती एक आश्रयस्थान आहे.
२) भारतीय विमानांचे तांत्रिक वेगळेपण सर्वसाधारण संचांत हरवते. ते जपण्यासाठी विमानाचा प्रकारनिहाय अभ्यास आवश्यक ठरतो.
३) विमाननिर्मिती व प्रतिकृतीनिर्मिती यांचा संबंध आपोआप जुळत नाही. खुली माहिती, छंदाला संघटित आश्रय आणि ग्राहकवर्ग या तीन गोष्टी एकत्र आल्या तेथेच तो जुळला.
४) भारतातील अभाव हा कौशल्याचा नसून माहितीच्या उपलब्धतेचा व ऐतिहासिक दृष्टीचा आहे.

समारोप :

मिग-२१ निवृत्त झाले, त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझर येथे तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने उड्डाण केले. कारखाना पुढे गेला आहे. जुन्या विमानाची आठवण मात्र चौकाचौकांत चबुतऱ्यावर उभ्या असलेल्या नमुन्यांपुरती उरत आहे. ऊनपावसात त्यांचा रंग उडतो, क्रमांक पुसले जातात आणि ते विमान कोणत्या प्रकारचे, कोणत्या तुकडीचे होते हे सांगणारे कोणी उरत नाही.

बुलडाणा जिल्ह्यासारख्या, विमानांच्या कारखान्यापासून दूर असलेल्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांनाही या कामी हातभार लावता येईल. आपल्या परिसरातील निवृत्त वायुसैनिक व ओझरला नोकरी केलेले कामगार यांच्या मुलाखती नोंदविणे, प्रदर्शनार्थ ठेवलेल्या विमानांचे क्रमांक, मापे व छायाचित्रे जतन करणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला साजेसे विषय आहेत. त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. वही, मोजपट्टी आणि कॅमेरा पुरेसा आहे. विलंब मात्र परवडणारा नाही. १९६० च्या दशकात ओझरच्या जुळणीशाळेत दाखल झालेली पिढी आज वयाच्या ऐंशीच्या घरात आहे. त्यांच्या आठवणी त्यांच्यासोबत गेल्या तर आपल्याच विमानाच्या छताची बिजागरी कोणत्या बाजूला होती, हे विचारण्यासाठी भावी संशोधकाला परदेशी खोक्यातील माहितीपत्रकच उघडावे लागेल.