अंडाशयाचा विकार आणि मनाचे नैराश्य

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थल या वैद्यांनी सात स्त्रियांच्या रुग्णवृत्तांतांवरून वर्णिलेली व्याधी पुढे ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’ या नावाने रूढ झाली. नावात अंडाशय आला आणि चिकित्सकांची दृष्टीही तेथेच खिळली. २००३ च्या रॉटरडॅम निकषांत अनियमित बीजोत्सर्ग, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य व पुटीयुक्त अंडाशय यांना स्थान मिळाले, मनाला नाही. वस्तुतः या व्याधीत नैराश्य अधिक आढळते आणि केवळ स्थूलतेने त्याचा उलगडा होत नाही, हे संशोधनाने दाखविले. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने निदानसमयीच नैराश्याची चाचपणी करण्याची शिफारस केली. नामकरण दृष्टीलाही मर्यादा घालते, याची ही ८३ वर्षे साक्ष होत.