शिकाऊ हातांचा माग

भारतात सिनेमाची पहिली शाळा भरली ती दादरला, फाळक्यांच्या घरात. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनहून परतले ते विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवूनच. पण ते चालवणारी तयार माणसं आणायची कुठून? त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना शिकवलं. कच्ची फिल्म तेव्हा भोकांशिवाय यायची. कडेची भोकं आपल्या हातानं पाडायची आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. भोक जरासं सरकलं की पडद्यावर चित्र नाचायला लागणार. सरस्वतीबाई हे करत, फिल्म धुवायला हातभार लावत, चित्रीकरणाला उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. भारतीय सिनेमाची पहिली विद्यार्थिनी म्हणून मी त्यांचंच नाव घेईन. त्र्यंबक तेलंग या मित्राला फाळक्यांनी कॅमेरा चालवायला शिकवलं आणि 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

कोल्हापुरात हीच शाळा मोठी झाली. बाबूराव पेंटरांनी आपला कॅमेरा इथंच घडवला. सोबतचे आनंदराव पेंटर 1916 मध्ये गेले, पण बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या मदतीनं तो पुरा केला. 1920 च्या ‘सैरंध्री’मागे उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम वणकुद्रे हा पोरगेला मुलगा दाखल झाला. शिक्षण अर्धवट सुटलेलं. नाटक कंपनी, हुबळीचा रेल्वे कारखाना, तंबूतला सिनेमा अशी भटकंती करून आलेला. इथं पडेल ते काम करता करता तो कॅमेरा, प्रयोगशाळा, संकलन, अभिनय सगळंच शिकला. वेळापत्रक नाही, परीक्षा नाही. गुरूच्या हाताकडे बघत राहायचं आणि हाक आली की धावायचं. 1 जून 1929 ला दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी आणि शांताराम यांनी ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी काढली ती याच शिदोरीवर.

या शिक्षणाचं मला अपार कौतुक आहे. पण त्याच्या दाराला एक कडी होती. शांतारामला कंपनीत आणलं ते मावसभाऊ बाबूराव पेंढारकरांनी. ज्याला असा मावसभाऊ नव्हता, त्यानं काय करायचं?

या प्रश्नाला सरकारी उत्तर मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीनं 1951 मध्ये चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था काढा, अशी शिफारस केली. नऊ वर्षांनी, 1960 मध्ये, संस्था सुरू झाली आणि जागा मिळाली ती पुण्यात बंद पडलेल्या ‘प्रभात’ची. जिथं ‘संत तुकाराम’चं चित्रीकरण झालं, त्याच आवारात आता विद्यार्थी दिवे लावायला शिकू लागले. पंजाबचा, आसामचा, केरळचा मुलगा कुणाच्याही ओळखीशिवाय, प्रवेश परीक्षा देऊन इथं येऊ लागला. ऋत्विक घटक थोडाच काळ शिकवायला होते, पण मणी कौल आणि कुमार शाहनी त्यांच्या तालमीत घडले. इथून बाहेर पडलेल्या के. के. महाजनांनी 1969 च्या ‘भुवन शोम’चं छायाचित्रण केलं. शिकताना चुकायची मुभा संस्थेनं दिली. स्टुडिओत चूक मालकाच्या पैशाची असे, इथं ती अभ्यासाचा भाग झाली. पुढे उमेश कुलकर्णींची विद्यार्थिदशेतली ‘गिरणी’ राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेली.

टीव्हीचं शिक्षण दिल्लीत 1971 मध्ये सुरू झालं आणि 1974 मध्ये पुण्यातच या संस्थेला जोडलं गेलं. तिथलं कसब निराळं. फिल्मचा संकलक एकाच कटावर तासन् तास बसू शकतो. टीव्हीच्या नियंत्रण कक्षात मात्र तीन कॅमेऱ्यांची चित्रं समोर चालू असतात, माणूस बोलत असतो आणि ‘दोन’ म्हणताक्षणी दुसऱ्या कॅमेऱ्यावर जायचं असतं. अर्धा सेकंद उशीर झाला तर गाणारीचा चेहरा सोडून तबलजीचा गुडघा दिसतो. हे पुस्तकातून येत नाही, पॅनलवर बसूनच येतं.

आज मराठी मालिकांच्या सेटवर कोल्हापूरची ती जुनी पद्धत जिवंत आहे, पण अर्धीच. चौथा साहाय्यक कुणाच्या तरी ओळखीनं येतो, कपड्यांची सलगता सांभाळतो, कलाकारांना बोलवायला धावतो. मात्र रोज एक भाग निघायचा असल्यानं त्याला जवळ बसवून ‘हा दिवा इथंच का’ हे सांगायला कुणालाच फुरसत नसते. पेंटरांकडे शिकवायला वेळ होता. इथं मावसभाऊ तेवढा उरला. दुसरीकडे पुण्याच्या संस्थेतल्या बहुतेक मोठ्या अभ्यासक्रमांना पदवी लागते, म्हणजे शाळा सुटलेल्या शांतारामला त्या परीक्षेला बसताच आलं नसतं. 2017 पासून संस्थेनं गावोगावी लघु अभ्यासक्रम नेले, हे फार चांगलं झालं. पण ते काही दिवसांचे, फार तर काही आठवड्यांचे. साताऱ्याच्या एखाद्या मुलीला त्यात कॅमेरा कळतो, पण हात बसायला वर्षं लागतात. ती वर्षं तिला कुणी देऊ करेपर्यंत मालिकेच्या सेटवर कुणाची ओळख आहे का, हे तिला विचारावंच लागणार.